पारा जातो कुठे

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने मागची पत्र्याची पाठ परत लावता लावता सहज सांगितलं, "आत सोनं आहे बरं का. उगाच कुणी स्क्रू काढून बघू नका." प्रयोगशाळेत हशा पिकला. शेजारच्या टेबलावर बारा वर्षं माशांचे नमुने तपासून तपासून ज्याचं नावच मासळी पडलं होतं, तो म्हणाला, "किती तोळे?" "तोळे कसले, गुंजभरही नाही. वाळूच्या कणांवर नुसता मुलामा आहे. नमुना जळला की त्यातला पारा वाफ होऊन निघतो, आणि वाटेत सोनं भेटलं की तिथंच बसतो. मग आपण सोनं तापवायचं, पारा सुटतो, तो मोजायचा. सोन्यापुढे पाऱ्याचं काही चालत नाही." यंत्रवाला हात पुसून पुढचं सांगू लागला. ती नोंदवहीत यंत्राचा क्रमांक उतरवून घेत होती. आठ आकड्यांपैकी पाच लिहून झाले होते. सहावा आकडा समोरच्या पट्टीवर ठसठशीत छापलेला होता आणि तिला तो वाचता येईना.

पारा तिला नवा नव्हता. सहा वर्षं ती पाराच मोजत होती: गाळातला, पाण्यातला, माशांच्या पोटातला. पारा सोन्याला धरतो हे तिला शाळेपासून माहीत होतं. तिचे वडील मुलामेवाले होते, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एका घरात राहून एकमेकांशी बोलणं टाकलेल्या भावंडांसारख्या राहत आल्या होत्या. गुंज, मुलामा, पारा हे तीन शब्द एका दमात तिने शेवटचे ऐकले ते नऊ वर्षांची असताना, घरी. त्यातला पहिला तर तिचंच नाव होतं. जन्मली तेव्हा इतकी हलकी होती की वडिलांनी तळहातावर घेऊन म्हटलं होतं, ही तर गुंज आहे, आणि तेच नाव चिकटलं. "गुंज, बाहेर जा." वडिलांच्या तोंडून तिने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच असावं. शेगडी पेटली की, बाहेर जा. पाऊस असला तरी जिन्यात बस, पण बाहेर जा. शेजारच्या मुलींचे वडील मुलींना कामाजवळ बसवून घेत. शिंपी काकांची मुलगी तर मशीनखालीच झोपायची. आपले वडील आपल्याला जवळ येऊ देत नाहीत ते आपण त्यांना आवडत नाही म्हणून, असा हिशेब तिने सातव्या-आठव्या वर्षीच करून टाकला होता आणि तो पुन्हा तपासायची गरज तिला कधी पडली नव्हती.

नवं यंत्र चालतंय का हे पाहायला त्या आठवड्यात सगळ्यांनी आपापले केस जाळून घेतले. कात्रीने टोक कापायचं, वजन करायचं, बोटाच्या पेराएवढ्या निकेलच्या होडीत ठेवायचं, होडी आत जाते, पाच मिनिटांत आकडा बाहेर. मासळीचा आकडा सर्वांत मोठा निघाला. "माणूस जे खातो ते होतो," तो म्हणाला, "मी आता पुढच्या वर्षी नमुना म्हणूनच येणार." तिचा आकडा कुणाच्या लक्षात राहावा असा नव्हता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, वाढताना रक्तात जे असेल ते घेऊन वाढतो आणि मग ते सोडत नाही. केस म्हणजे रोजनिशी, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम नव्या मुलांना समजावून सांगत होत्या, फक्त उलटीकडून वाचायची. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिला वडिलांच्या कपाटातला बिस्किटांचा डबा दिसला. त्यात, कागदात गुंडाळून, आईची वेणी होती.

आईला वेड लागलं होतं. घरात हे असंच सांगितलं जाई, एखाद्याला चष्मा लागला म्हणावं तसं. एकतिसाव्या वर्षी तिचे हात थरथरायला लागले. कप बशीवर वाजायचा. मग ती लोकांसमोर येईनाशी झाली. कुणी दारात आलं की तिचा चेहरा लाल व्हायचा आणि ती आतल्या खोलीत जाऊन उभी राहायची. हिशेबाच्या वहीतलं तिचं गोल अक्षर आधी टोकदार झालं, मग वाकडं, मग नुसत्या रेघा. हिरड्यांतून रक्त यायचं. "तोंडात नाणं धरल्यासारखं वाटतं हो सारखं," ती एकदा म्हणाली होती, तेव्हा आत्या हसून म्हणाली होती, "मग थुंक की, तेवढीच भर पडेल." आत्या वडिलांची धाकटी बहीण, लग्न न झालेली. वेड आईच्या माहेरचंच आहे, हे शोधून काढलं तेही तिनेच. तिकडचा कुणी एक मामा म्हणे छपरावर राहत असे. आईला एकदा इस्पितळात नेलं, तीन महिन्यांनी गुण आला म्हणून घरी आणलं. नऊ महिन्यांत पुन्हा न्यावं लागलं. दुसऱ्यांदा भरती करून घेताना तिकडे केस कापले आणि कागदात बांधून वडिलांच्या हातात दिले. चार महिन्यांनी आई तिथंच गेली.

आणि ते वेड आपल्यातही असणार, हे तिने लहानपणापासून घराच्या भाड्यासारखं गृहीत धरलं होतं. एकतीस वर्षांचं व्हायचं आणि वाट बघायची. विसाव्या वर्षी तिने एक वही केली. दर महिन्याच्या एक तारखेला त्यात एकच वाक्य लिहायचं, तेच, त्याच पेनाने: आज माझा हात स्थिर आहे. मग मागच्या महिन्याच्या ओळीशी ताडून बघायचं, भिंगाखाली. अशा एकशे बत्तीस ओळी झाल्या होत्या. सत्तावीस वर्षांची असताना एका माणसाने तिला लग्नाचं विचारलं. चांगला माणूस होता, बोलताना चहा गार करून टाकायचा. तिने नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. तो म्हणाला, "माझं काही चुकलं का?" त्याला आता दोन मुलं आहेत. गेल्या महिन्यात तिने एकतिसावं पूर्ण केलं होतं, आणि एकशे बत्तिसावी ओळ तिने एकाच दिवशी तीनदा लिहून पाहिली होती.

रविवारी ती वडिलांकडे गेली. दार आत्याने उघडलं. "आज कसा दिवस उगवला म्हणायचा? ये. हात बघू." हे आत्याचं नेहमीचं होतं. चहाचा कप तिच्या हातात द्यायचा आणि बशीकडे बघत राहायचं. बशी वाजली नाही. "आहे, आहे अजून बरं," आत्या म्हणाली, जराशी निराश झाल्यासारखी. "तुझ्या आईचं याच वयात सुरू झालं. तरी मी दादाला म्हणत होते." दादा, म्हणजे तिचे वडील, खिडकीशी बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांना न विचारता हलत होते, पाण्याबाहेर काढून ठेवलेल्या जिवंत वस्तूंसारखे. ते म्हातारपणाने, असं सगळे धरून चालले होते, आणि तीही. समोरच्या फळीवर लाकडी मुठीचा अकीक होता, झिलई द्यायचा दगड, कुत्र्याच्या सुळ्यासारखा वाकडा. काम बंद होऊन पंधरा वर्षं झाली तरी तो जवळ लागायचा.

वडिलांचं काम म्हटलं की तिला तो अकीकच आठवायचा, कारण तेवढंच तिने पाहिलेलं होतं. शेगडी विझून गेली, वस्तू गार झाली की तिला आत घेत. वस्तू तेव्हा सोनेरी नसायची, आजारी माणसाच्या त्वचेसारखी फिकट पिवळी, मळकट दिसायची. मग वडील त्या वस्तूवर अकीक दाबून फिरवत, एका दिशेने, न थांबता, आणि दगडाच्या मागून उजेड उमटत जाई. त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता आणि एका शब्दाचा राग. पेपरात कुणी कशाला "वरवरचा मुलामा" म्हटलं की ते पेपर घडी घालून ठेवत. तिने एकदा शब्दकोश उघडून दाखवला होता: मुलामा, सोन्याचांदीचा पातळ लेप. आणि खाली दुसरा अर्थ: खोटा देखावा. वडिलांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "ज्यानं हे लिहिलं तो कधी शेगडीशी बसला नव्हता," ते म्हणाले. "मुलामा खोटा नसतो, गुंज. सोनं खरंच असतं. थोडं असतं, एवढंच." मग त्यांनी सांगितलं होतं, सोनं पाऱ्यात टाकून ऊन केलं की दिसेनासं होतं, लोण्यासारखा गोळा होतो. तो ब्रशने तांब्यावर सारवायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा जातो, सोनं राहतं. "पारा जातो कुठे?" तिने विचारलं होतं. "हवेत." "मग हवा कुठे जाते?" त्यावर ते शेगडीकडे वळले होते. मग म्हणाले होते, "गुंज, बाहेर जा." पुढे कॉलेजात ती शिकली की काहीच नाहीसं होत नाही, वस्तुमान कायम राहतं, जातं ते कुठंतरी जातंच. परीक्षेत त्यावर तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते. एवढं शिकून, सहा वर्षं माशांना आणि गाळाला विचारून, हा प्रश्न ती स्वतःच्या घराला विचारायला विसरली होती. आधीच एक उत्तर दिलेलं असलं की माणूस प्रश्न शोधत नाही. वेड हे फार पुरेसं उत्तर होतं.

आत्या बाजारात गेली आणि वडिलांचा डोळा लागला तेव्हा तिने डबा उघडला. आत दोन पुड्या होत्या. मोठीत वेणी. लहान पुडीत बोटभर लांबीची एक शेंडी, रबरबँडने बांधलेली. रबर वितळून केसांना चिकटलं होतं. ती तिची स्वतःची होती. नवव्या वर्षी हिवाळाभर ताप येत होता, छातीत पाणी झालं होतं, केसांची जट झाली तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर कुणीतरी ते कापले होते. तिने दोन्ही पुड्या पिशवीत टाकल्या.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नसतं. तिने पांढऱ्या कागदावर वेणी ठेवली. पेडात मोजमाप करता येत नाही, वेणी सोडायला हवी होती. ती आईने स्वतः घातलेली होती हे सोडता सोडता कळलं. वरचे पेड घट्ट आणि सारखे, खाली खाली सैल, एक जाड, एक बारीक. हलत्या बोटांनी कसेबसे एकमेकांवर टाकलेले. सुटल्यावरही केसांनी वळणं सोडली नाहीत. बावीस वर्षं ते तसेच वाकून राहिले होते. लांबी अठ्ठेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे चार वर्षं. तिने मुळाच्या बाजूने एकेक सेंटिमीटर कापून अठ्ठेचाळीस होड्या भरल्या. तिला पद्धतशीर शंका होती: केस बाहेरच्या हवेतूनही पारा धरतो. तसं असेल तर जुना केस हवेत जास्त काळ राहिलेला, म्हणून टोकाकडे आकडा सावकाश वाढत जायला हवा, एका सरळ चढासारखा. तसं निघालं तर त्यावरून काहीच सिद्ध झालं नसतं. तसं निघावं असं तिला मनातून वाटत होतं. पाचपाच मिनिटांनी होडी आत जात होती, आतल्या सोन्यावर पारा बसत होता, सुटत होता, आकडा येत होता. ती तो लिहून घेत होती.

चढ निघाला नाही. टेकड्या निघाल्या. साधारण माणसाचा आकडा एकच्या आत असतो. आईचा टोकाशी सहा होता, मग अकरा, मग नऊ, मग चौदा. वडिलांना कामं मिळत गेली तसा तो वरखाली होत होता, एखाद्या दुकानाच्या विक्रीसारखा. मग मुळापासून बाराव्या सेंटिमीटरपासून दहाव्यापर्यंत तो घसरत घसरत चारवर आला. तिने पेन्सिलीने महिने मोजले. ते इस्पितळातले तीन महिने होते. आईला खरंच गुण येत होता. कुणी काही न करता, नुसतं त्या घरातून उचलून दुसरीकडे ठेवल्यावर तिचं शरीर एकेक महिना स्वच्छ होत होतं. आणि ती बरी दिसते म्हणून तिला घरी आणलं होतं. नवव्या सेंटिमीटरला अठरा. आठव्याला एकतीस. सातव्याला त्रेचाळीस. तो महिना कोणता हे मोजायची गरज नव्हती. त्या हिवाळ्यात वडिलांना आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं होतं: शहरातल्या मोठ्या चौकाच्या मनोऱ्याचे घड्याळकाटे आणि बारा आकडे. ती रोज सकाळी त्या घड्याळाखालून कामावर जाते. बावीस वर्षांत त्याचं सोनं तसूभरही उतरलेलं नाही. लोक अजून मान वर करून बघतात.

म्हणजे वेड नव्हतं. ती खुर्चीत बसली. रक्तातून काही येणार नव्हतं, कधीच येणार नव्हतं. वहीतल्या एकशे बत्तीस ओळी निरर्थक होत्या. तिला वाटलं होतं की असं काही कळलं तर छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. चहा गार करणारा तो माणूस मात्र आठवला, त्याने विचारलेला प्रश्न आठवला, आणि दगड होता तिथंच राहून जास्त जड झाला.

दुसऱ्या रविवारी तिने आलेखाचा कागद वडिलांच्या मांडीवर ठेवला. आत्या बाहेर गेल्याची आधी खात्री करून घेतली होती. वडिलांनी हलत्या हातांनी चष्मा लावला. ती सांगत गेली, हे केस, हे महिने, हा पारा. त्यांनी मधेच थांबवलं नाही. उंच टेकडीवर बोट ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, बोट आजूबाजूलाच फिरत राहिलं.

"हे घड्याळाचं," ते म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"आमच्या वस्तादांना शेवटी घास तोंडापर्यंत नेता येत नसे. लोक म्हणायचे दारू. ते दारूला शिवत नव्हते."

"म्हणून मला बाहेर पाठवायचात."

"मग काय करणार होतो?"

"आणि आईला?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझा हात हलायला लागला होता. आकड्यांच्या कडांना हलता हात चालत नाही, सोनं वाहून जातं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. इस्पितळातून आल्यावर तर फारच चांगला झाला होता. ती म्हणाली, द्या इकडे. मी दिलं."

"खिडकी उघडी होती ना?" तिने विचारलं. हे तिला विचारायचं नव्हतं. "एवढा आकडा उघड्या खिडकीला येत नाही. त्रेचाळीस. खिडकी उघडी असती तर..."

"तुला बरं नव्हतं," वडील म्हणाले. "तुला बाहेर पाठवता येत नव्हतं."

तिला ते आधी समजलं नाही. मग कळायला लागलं, तसं तिला वाटलं की ते आता बोलायचे थांबले तर बरं. ते थांबले नाहीत. शांतपणे, एखाद्या कामाची पद्धत सांगावी तसे सांगत गेले. डॉक्टरने तिच्या खोलीची खिडकी रात्रंदिवस उघडी ठेवायला सांगितली होती, मोकळी हवा हवी म्हणून. ती खिडकी आणि कामाच्या खोलीची खिडकी शेजारी शेजारी, एकाच बोळात उघडत होत्या. इकडची वाफ तिकडे जाणार. म्हणून आईने कामाच्या खोलीची खिडकी लावून घेतली. मग दार. मग टॉवेल ओला करून दाराखालच्या फटीत आतून दाबून बसवला आणि खिडकीच्या भेगांत चिंध्या कोंबल्या. "मी म्हटलं, असं करू नकोस. ती म्हणाली, दोन महिन्यांचं तर काम आहे."

दार. ते दार तिला आठवत होतं. बावीस वर्षांत ते ती विसरली नव्हती, फक्त त्याचा अर्थ दुसरा होता. ती पलंगावरून उठून, भिंतीला धरून त्या दारापर्यंत जायची आणि ठोठावायची. "आई, दार उघड ना." आतून खोकला. "नको गं. जा, पड जा." "मला भीती वाटते." "उघडायचं नाही, सांगितलं ना." आवाज घोगरा, चिडलेला, परका. पायाच्या बोटांना दाराखालून आलेला ओलावा लागायचा. पुढे उन्हाळा संपता संपता आईला दुसऱ्यांदा न्यायचं ठरलं तेव्हा इस्पितळातला एक डॉक्टर घरी आला होता, चांगला होता, तिला त्याने पेपरमिंट दिलं होतं. आत्या त्याला सांगत होती, दार लावून बसते, फटींत फडकी कोंबते, पोर दाराशी रडत असली तरी उघडत नाही, स्वतःच्या पोटची पोर. डॉक्टर तिच्याकडे वळला आणि खाली वाकून म्हणाला, "खरं का बाळ? आई दार उघडत नाही?" ती हो म्हणाली. नुसती हो म्हणून थांबली नव्हती. आईने दारामागे काय काय केलं ते तिने त्याला सगळं नीट, क्रमवार सांगितलं होतं. तेव्हापासूनच तिला निरीक्षण चांगलं जमत असे. डॉक्टरने ते लिहून घेतलं होतं.

"तुम्ही तिथं होतात," ती वडिलांना म्हणाली. "डॉक्टर आला तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात. मी सांगत होते ते ऐकत होतात. वेड का म्हणू दिलंत?"

"वेड म्हटलं की कुणाचं काही चुकलेलं नसतं."

"आणि मी? मी दर महिन्याला बसून हात तपासते, बाबा. अकरा वर्षं. आत्या माझ्या हातात कप देऊन बघत राहते, तुमच्यासमोर, इथं या खुर्चीत. एकदा तरी म्हणायचंत की हिला काही होणार नाही."

वडिलांनी कागद घडी घालायचा प्रयत्न केला. घडी कडेला जुळेना. ते ती पुन्हा पुन्हा घालत राहिले. "म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का नाही होणार," ते म्हणाले. "मग दारापर्यंत आली असतीस. मला वाटलं, वेडाची भीती माणूस विसरेल, लग्न होईल, पोरंबाळं होतील. हे मात्र विसरता आलं नसतं." हे त्यांनी खरंच तेव्हा ठरवलं होतं की आत्ता, तिच्यासमोर बसून, स्वतःच्या वागण्यावर चढवलं होतं, ते तिला ओळखता येईना. त्यांच्या चेहऱ्यावरून तर ते त्यांनाही ओळखता येत नव्हतं. बावीस वर्षं घासलेल्या वस्तूत खालचा धातू कोणता, ते कापल्याशिवाय कळत नाही. तिला कापायचं नव्हतं. तिने त्यांच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. त्यांचे हात मोकळे झाले, मांडीवर पडले आणि हलत राहिले. तिने ते एकदा धरून पाहिले. धरल्यावर थरथर थांबली नाही, नुसती तिच्या हातांत आली.

जिन्यात आत्या भेटली, भाजीची पिशवी घेऊन. "निघालीस पण? आणि हात का गं असे?" तिने आपल्या हातांकडे पाहिलं. ते खरंच हलत होते. "बाबांचे धरले होते," ती म्हणाली. आत्याला ते समजलं नाही आणि तिने समजावून सांगितलं नाही. चौकातून जाताना तिने मान वर केली नाही. किती वाजलेत ते एका दुकानातल्या घड्याळात बघून घेतलं.

सोमवारी सकाळी ती सर्वांच्या आधी आली. एक पुडी उरली होती. वितळलेलं रबर तिने ब्लेडने खरवडून काढलं. केस मऊ होते, जास्त तपकिरी, कुणा दुसऱ्याच माणसाचे. कापलेल्या बाजूपासून मोजून तिसरा सेंटिमीटर तिने घेतला, म्हणजे तो महिना, म्हणजे त्रेचाळीसचा महिना. वजन केलं. होडी आत सरकवली. पाच मिनिटं तिने काहीतरी आकडा येऊ दे म्हणून वाट पाहिली. फार नको, पाच, चार, तीनही चालला असता. थोडी वाफ दाराखालून आली, टॉवेल नीट बसला नव्हता, थोडं आपल्याही वाट्याला आलं, एवढं जरी निघालं असतं तरी त्या दाराच्या या बाजूला ती अगदीच एकटी राहिली नसती.

मासळी डबा ठेवायला आला आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला. "शून्य पूर्णांक चार? यंत्र बिघडलं की काय? कुणाचे केस आहेत?"

"नऊ वर्षांच्या मुलीचे."

"काहीच नाही यात. छान आहे. चांगल्या हवेत वाढलेली दिसते."

"हो," ती म्हणाली, आणि चिमट्याने गरम होडी बाहेर काढली. होडीत काही उरलं नव्हतं.